सातवा महिना, आणि कानात नाडीच्या ठेक्याने येणारा आवाज

प्रश्न

नमस्कार. ही माझी पहिलीच खेप असून सध्या सत्ताविसावा आठवडा चालू आहे. गेल्या दहा दिवसांपासून माझ्या उजव्या कानात आवाज येतो आहे. दिवसा घरातल्या गडबडीत तो जाणवत नाही. पण रात्री दिवे मालवून उशीवर डोके टेकले की आधी रातकिड्यांसारखी बारीक किरकिर सुरू होते आणि थोड्या वेळाने 'हूं हूं' असा, ठेका धरल्यासारखा आवाज येऊ लागतो. परवा मी मनगटावर बोटे ठेवून पाहिले, तर तो ठेका माझ्या नाडीशी जुळत होता, त्यामुळे जास्तच घाबरले. ऐकू नीट येते, कान दुखत नाही, वाहतही नाही. जिना चढताना मात्र दम लागतो आणि छाती धडधडते. ते पोट वाढल्यामुळे होत असेल, असे मी धरून चालले होते.

सासूबाई लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडायला सांगत आहेत. त्यांची माया कळते, पण मन धजावत नाही. पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे. तोवर थांबावे का? बाळाला याचा त्रास होत असेल का?

प्रतिसाद १

ताई, मी प्रसूती विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम करते आहे. तीन आठवडे थांबू नका. उद्या-परवाच जाऊन रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्या. या आवाजाने बाळाला काही होत नाही, ही काळजी मनातून काढून टाका; आपल्याला शोधायचे आहे ते आवाजामागचे कारण.

गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि हृदयाला तेवढे जास्त काम करावे लागते. कानाच्या अगदी जवळून मोठ्या रक्तवाहिन्या जातात, त्यामुळे शांततेत हा वाढलेला प्रवाह काही जणींना ऐकू येतो. त्यातच रक्तातील पाण्याचा अंश तांबड्या पेशींपेक्षा अधिक वाढत असल्याने रक्त पातळ होते, आणि मुळातच लोह कमी असेल, तर आवाज आणखी ठळक होतो. तुम्हाला लागणारा दम आणि होणारी धडधड वाचून मला आधी रक्तक्षयाचीच शंका आली. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले, की त्याला रक्तक्षय म्हणतात.

रक्तदाब पाहायचा तो मात्र सर्वांत आधी. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९० किंवा त्याहून वर गेला, तर लगेच लक्ष द्यावे लागते. कानातल्या आवाजाबरोबर डोके जोरात दुखणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगड्यांखाली पोटात दुखणे, चेहरा किंवा हात अचानक सुजणे यांपैकी एक जरी गोष्ट झाली, तरी रात्र असो वा दिवस, त्याच क्षणी रुग्णालय गाठा किंवा १०८ वर फोन करा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

तेल कानात अजिबात सोडू नका. पडद्याला छिद्र असल्यास ते आत उतरून संसर्ग होऊ शकतो, आणि गरम तेलाने कान भाजल्याचे मी स्वतः पाहिले आहे. सासूबाईंना सांगा, तेच तेल तळपायांना चोळून दिले, तर तुम्हाला झोप तरी छान लागेल. दुकानातून स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळीही आणू नका.

प्रतिसाद २

माझ्या दुसऱ्या खेपेस अगदी असाच आवाज येत असे, आणि तपासल्यावर हिमोग्लोबिन ८.६ निघाले. सरकारी केंद्रातून मिळणारी लोहाची लाल गोळी मी रोज घेत होते, पण सकाळच्या चहाबरोबर! चहामुळे लोह शरीरात नीट शोषले जात नाही, हे मला तेव्हा कळले. पुढे डॉक्टरांनी मात्रा वाढवून दिली आणि मी ती लिंबाच्या सरबताबरोबर घेऊ लागले. कॅल्शियमची गोळी मात्र रात्री, कारण दोन्ही एकत्र घ्यायच्या नसतात. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नका. रात्री पंखा चालू ठेवत असे, म्हणजे आवाज त्यात बुडून जाई.

प्रतिसाद ३

माझ्या बाबतीत कारण वेगळे निघाले. कानातील रिकिबीच्या आकाराचे हाड घट्ट होण्याचा विकार मला आधीपासून होता, आणि गरोदरपणात आवाज वाढून ऐकूही कमी येऊ लागले. म्हणून रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्या, तरी आवाज चालूच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एकदा जाऊन याच. नाडीबरोबर येणारा आवाज, आणि तोही एकाच कानात, हे त्यांना आवर्जून सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल जाऊन आले. रक्तदाब ११८/७६ आहे, लघवीत प्रथिने नाहीत. हिमोग्लोबिन मात्र ९.१ आले. गोळीची मात्रा वाढवून दिली असून चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचे आहे, आणि कानाच्या तज्ज्ञांची वेळ सोमवारची मिळाली आहे. आवाज काल रात्रीही आलाच, पण तो कशाचा असू शकतो हे कळल्यामुळे झोप लागली. आज सकाळी गोळीनंतर मी चहाचा कप उचलला, तर सासूबाईंनीच तो हातातून काढून घेतला.