जर्मनी: आश्रय मिळाल्यावर बायको-मुलांना आणायची ३ महिन्यांची मुदत कधीपासून धरतात?

केवडा_हॅम्बुर्ग
आमच्या भाषावर्गातल्या एका सीरियन गृहस्थांना बाम्फचं (आश्रयाचे अर्ज तपासणाऱ्या जर्मन सरकारी कार्यालयाचं) आश्रय मिळाल्याचं पत्र आलंय. बायको आणि दोन मुलं (१७ आणि ९ वर्षांची) लेबनॉनमध्ये आहेत. निवास परवान्याचं कार्ड आल्यावरच कुटुंबासाठी अर्ज करा, असं त्यांना कुणी सांगितलंय. कुणी म्हणतं, २०२७पर्यंत दार बंदच आहे. खरं काय?

दस्तऐवज
दोन्ही अर्धवट आहे. आधी पत्रात काय दिलंय ते बघा: जिनिव्हा कराराखालचा निर्वासित दर्जा, की 'सुब्सिडिएर' म्हणजे दुय्यम संरक्षण (निर्वासित ठरत नाहीत, पण मायदेशी गंभीर धोका आहे अशांसाठीचं)? कार्डावर दोन्हीकडे निवास कायद्याचं कलम २५(२)च असतं, फरक फक्त पर्याय १ की २ एवढाच. सगळं त्यावर ठरतं.

निर्वासित दर्जा असेल तर कार्डाची वाट बघूच नका. पत्र हाती पडल्यापासून ३ महिने धरा. त्या आत आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांच्या स्थानिक कार्यालयाला) किंवा जर्मन दूतावासाला लेखी कळवलं, की उत्पन्न आणि पुरेशा घराची अट लागत नाही. पोच घ्या, जपून ठेवा. लग्न जर्मनीत येण्याआधीचं असेल तर बायकोला ए-१ (जर्मन भाषेची पहिली पातळी) हीसुद्धा लागत नाही. मुदत हुकली तर अटी माफ करणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर जातं.

मोठ्या मुलासाठी मात्र नुसत्या कळवण्यावर विसंबू नका. व्हिसाचा लेखी अर्जच पाठवा. युरोपीय न्यायालयाच्या १ ऑगस्ट २०२२च्या निकालानुसार वडिलांनी आश्रय मागितला त्या दिवशीचं मुलाचं वय धरतात, पण अर्ज दर्जा मिळाल्यापासून ३ महिन्यांत हवा.

केवडा_हॅम्बुर्ग
पत्र पाहिलं. दुय्यम संरक्षण आहे. पत्र येऊन ९ दिवस झालेत.

माहेरची_वाट
मग आज-उद्याच हालचाल करा. दुय्यम संरक्षणवाल्यांचं कुटुंब आणणं २४ जुलै २०२५ ते २३ जुलै २०२७ स्थगित आहे. त्याआधी, ऑगस्ट २०१८पासून, महिन्याला १००० व्हिसांची मर्यादा होती. ती रांगही आता थांबली. लहान लेकरांना दोन वर्षं बापापासून तोडणारा हा नियम मला अन्यायाचा वाटतो. त्याच कायद्याच्या कलम २२खाली अपवाद आहे, पण अगदी टोकाच्या प्रकरणांत. गंभीर आजार असेल तर तारखेसह वैद्यकीय कागद जोडा. नुसती लांबलेली ताटातूट पुरत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे पूर्ण निर्वासित दर्जासाठी प्रशासकीय न्यायालयात दावा. मुदत फक्त २ आठवडे. बाम्फचं पत्र ज्यातून आलं ते पिवळं पाकीट फेकलेलं नाही ना? पोस्टमनने त्यावर हाताने लिहिलेली तारीख धरतात. पेटीत टाकलं तोच दिवस पत्र मिळाल्याचा धरतात, तुम्ही कधी उघडलंत याला किंमत नाही. न्यायालयाच्या अर्ज-खिडकीवर वकिलाविना दावा नोंदवता येतो, कोर्ट फी नाही. कारणं पत्र मिळाल्यापासून महिन्याभरात द्यायची. दावा लावल्याने मिळालेलं संरक्षण जात नाही. पण न्यायालय सुनावणीच्या दिवसाची परिस्थिती बघतं, आणि डिसेंबर २०२४मध्ये असद सरकार पडल्यावर सीरियनांची बाजू अवघड झाली आहे. वैयक्तिक धोका काय, हे ठोस मांडावं लागेल.

दस्तऐवज
+१. आणि २०२७ची वाट बघायची वेळ आली तरी कागद आत्ताच जमवा. अडतं ते इथेच. नुसता निकाह चालत नाही, लग्नाची सरकारी नोंद लागते. बाम्फच्या मुलाखतीत सांगितलेली नावं, जन्मतारखा आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग ताडून बघा. तफावत असेल तर आत्ताच लेखी खुलासा द्या. नोंदी अपुऱ्या पडल्या तर डीएनए चाचणीवर येतं, आणि तो खर्च कुटुंबाचाच.

ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर) बायकोला आणलेल्या आपल्या लोकांचा सल्ला इथे लावू नका. ती कलमं वेगळी आहेत.

माहेरची_वाट
आणखी एक: ५ वर्षांनी कायम परवाना मिळाला तर ही स्थगिती त्यांना लागू होत नाही. आश्रय-प्रक्रियेचा काळ त्या ५ वर्षांत धरतात. त्यासाठी जर्मनची बी-१ पातळी, स्वतःचं उत्पन्न आणि ६० महिन्यांचे पेन्शन हप्ते लागतात. म्हणजे रोख मजुरीची कामं नकोत, हप्ते कापले जातात अशीच नोकरी बघायला सांगा. पण आधी न्यायालय. तुमच्याकडे ५च दिवस आहेत.