सोलापूरला घर बांधतोय, ग्रीन डिझाइनचा खरंच फायदा होतो का?

सोलापूरकर: मंडळी, छोटंसं घर बांधायचंय. मे महिन्यात इथं पारा ४२ च्या वर जातो, आई ७४ ची आहे, दुपारी तिचे फार हाल होतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ग्रीन बिल्डिंग (कमी विजेत घर थंड राहील असं बांधकाम) वगैरे टॉवरवाल्यांसाठी असतं. खरंय का?

विटामाती: अजिबात नाही! सोलर पॅनेलच्या आधी पश्चिमेची भिंत बघा, संध्याकाळी घर तापतं त्यात तिचा मोठा वाटा असतो. तिकडं जिना, बाथरूम, स्टोअर टाका, आईंची खोली उत्तरेला किंवा पूर्वेला. आणि रॅट-ट्रॅप बाँड ही विटा रचायची पद्धत बघाच, विटा आडव्या न ठेवता उभ्या लावतात, मधे हवेची पोकळी राहते, भिंत ९ इंचीच पण विटा साधारण २५ टक्के कमी लागतात आणि उष्णता आत यायला वेळ लागतो. वास्तुविशारद लॉरी बेकरनी केरळात अशी कितीतरी घरं बांधली. फक्त गवंडी शिकलेला हवा, नाहीतर पोकळीत सिमेंटचा माल भरून ठेवतो.

गच्चीवाली: ताई म्हणून सांगते, स्लॅब विसरू नका. आम्ही गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचे (चकचकीत टाइल्सचे) तुकडे बसवले, ऊन परत फेकलं जातं, वरच्या खोलीत रात्री झोप लागायला लागली. पावसाचं पाणी बोअरजवळ मुरवा, पाइप आत्ताच टाकून घ्या.

सोलापूरकर: आईची खोली पश्चिमेलाच होती प्लॅनमधे! उद्याच बदलून घेतो.