टेंपरेचरचा काटा एचकडे (हॉट), पण इंजिन तापलेलं वाटत नाही

जुनंकार्ब: १९६८ची ब्रिटिश गाडी आहे, मूळचे विजेवरचे मीटर. सेंडर (इंजिनाचं तापमान मीटरला कळवणारा सेन्सर) नुकताच नवा बसवला. गाडी गरम झाली की काटा थेट एचला टेकतो. पाणी उकळत नाही, वासही नाही. दोष मीटरचा की सेंडरचा, हे मीटर न खोलता कळेल का?

सुसाट: रेडिएटरकडे पाणी सोडणारा थर्मोस्टॅट काढून फेका, विषय संपला.

पानापक्कड: सुसाट, कृपा करून असले सल्ले देऊ नका. इंजिन कायम थंड चालेल आणि काट्याचा दोष तसाच राहील.

जुनंकार्ब, आधी खरं तापमान बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरा, पण तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवूनच. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो खूपच कमी आकडा दाखवतो. ८२ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट असेल तर तिथे ८०-९० दिसलं म्हणजे इंजिन ठीक. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे सांगायला नकोच.

मग इग्निशन चालू ठेवून सेंडरची वायर काढा. काटा सीवर (कोल्ड) उतरला पाहिजे. नाही उतरला तर वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झालीय. उतरला, तर तीच वायर क्षणभर ब्लॉकला टेकवा. काटा सावकाश चढू लागेल (बायमेटलचा आहे, म्हणजे आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते, त्याला घाई नसते). हलला की लगेच काढा, धरून बसलात तर मीटर जळेल. यातून मीटर जिवंत आहे एवढंच कळतं, बरोबर दाखवतो हे नाही.

सेंडर तपासायचा तर त्याचं टोक गरम पाण्यात बुडवा, टर्मिनल मात्र कोरडं ठेवा, आणि टर्मिनल ते बॉडी ओहम मोजा. पाणी तापेल तसा रेझिस्टन्स सलग कमी होत गेला पाहिजे. जुना सेंडर असेल तर तोही त्याच पाण्यात मोजा, नव्याचे आकडे बरेचदा जुळत नाहीत.

सुसाट: सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावली असेल, अर्थ (बॉडीशी विजेची जोडणी) मिळत नसेल.

पानापक्कड: उलट. अर्थ कच्चा असेल तर रेझिस्टन्स वाढतो आणि काटा *कमी* दाखवतो. इथे तो जास्त दाखवतोय. म्हणून एकच विचारतो: पेट्रोलचा काटा कसा वागतोय?

जुनंकार्ब: अरे हो! टाकी अर्धी आहे आणि काटा फुलच्या जवळ. म्हटलं फ्लोट अडकला असेल.

पानापक्कड: मग सेंडरला सोडा. दोन्ही काटे एकदम जास्त म्हणजे दोष दोन्हींना वीज देणाऱ्या डॅशमागच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरचा. तो आतला कॉन्टॅक्ट उघडझाप करून सरासरी १० व्होल्ट देतो. डिजिटल मल्टिमीटरवर आकडे नाचतील, त्यापेक्षा आउटपुटला छोटा टेस्ट लॅम्प लावा. थोड्या वेळाने लुकलुकायला लागला तर ठीक. सतत पेटलेलाच राहिला तर मीटरना बॅटरीचे पूर्ण व्होल्ट जातायत. बदलायच्या आधी त्याच्या डबीचा अर्थ बघा, तो नसेल तर उघडझाप होतच नाही.

जुनंकार्ब: दिवा सतत पेटलेला होता. डबीच्या स्क्रूखाली रंग आणि गंज, घासून साफ केला. आता लुकलुकतो. पेट्रोल अर्ध्यावर आलं, पण टेंपरेचर अजून मध्याच्या किंचित वर. टेपवर ८४ अंश.

पानापक्कड: तो फरक नव्या सेंडरचा असणार. जुना सापडला तर पाण्यात दोन्ही मोजून आकडे इथे टाका.