युटामधल्या मोठ्या मॉर्मन कुटुंबाचं घर आणि वंशावळ: तारखा जुळत नाहीत, जाणकारांनी सांगावं

रानवेल

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या एका मोठ्या मॉर्मन (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबाच्या घरगुती आठवणी आणि सोबतची वंशावळ मराठीत आणायचं काम चालू आहे. घरात आईवडील आणि नऊ मुलं. पणजोबा १८६२ मध्ये पहिल्या बायकोसह डेन्मार्कहून आलेले. त्यांच्या एकूण तीन बायका, त्यातल्या दुसरी आणि तिसरी सख्ख्या बहिणी.

अडचणी अशा:

घराचा आठवडा नीट डोळ्यांसमोर येत नाही. सोमवारची संध्याकाळ, पहिल्या रविवारचा उपास, तळघरातले गव्हाचे डबे हे सगळं वाचणाऱ्याला आधीपासून माहीत आहे असं धरून लिहिलंय.

वंशावळीत पणजोबांच्या पहिल्या लग्नाच्या दोन तारखा आहेत, बाप्तिस्म्याच्याही दोन. मोठ्या दोन मुलांपुढे 'आईवडिलांशी सीलिंग' अशी तारीख आहे, धाकट्यांपुढे तो रकाना कोराच. १८८० च्या जनगणनेत दुसरी बायको स्वतःच घरप्रमुख आहे आणि नवरा त्या घरात नाही. यातलं चूक काय आणि बरोबर काय?

कणगी

घराचं आधी सांगते, वंशावळीवर इतर लिहितीलच.

आठवडा रविवारपासून धरा. जानेवारी २०१९ पासून रविवारची उपासना दोन तासांची आहे, त्याआधी तीन तासांची होती. जुन्या आठवणींत 'तीन तास' आले तर ते दुरुस्त करू नका. पहिल्या तासात सगळं कुटुंब एकत्र बसतं आणि ब्रेड व पाणी वाटलं जातं. पाणीच, वाइन नाही. दुसऱ्या तासाला वयाप्रमाणे वर्ग. एकाच इमारतीत दोन-तीन वॉर्ड, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळ्या, पाळीपाळीने भरतात आणि नव्या वर्षी वेळा बदलतात. कुणाला सकाळी नऊ, कुणाला दुपारी एक. नऊ मुलांच्या घरात या एका बदलाने दिवसाचं सगळं जेवणखाण हलतं. म्हणून शनिवारी रात्रीच बूट, मोजे, पांढरे शर्ट जोडीने लावून ठेवायची पद्धत असते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण आणि पाणीही वर्ज्य, साधारण चोवीस तास. लहान मुलांना सक्ती नाही. वाचलेल्या जेवणाचे पैसे, शक्य असेल तर त्याहून जास्त, बिशपकडे गरजूंसाठी दिले जातात. दशांश त्याहून वेगळा: मिळकतीचा दहावा भाग. मुलांना खाऊच्या एका डॉलरमधले दहा सेंट बाजूला काढायला लहानपणापासून शिकवतात. आणखी एक लक्षात असू द्या, बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो. नोकरीधंदा सांभाळून काही वर्षं वॉर्ड पाहणारा शेजारीच असतो तो.

सोमवारी 'कौटुंबिक संध्याकाळ'. १९१५ मध्ये चर्चच्या नेतृत्वाने ही सुचवली, सोमवार हा वार १९७० मध्ये ठरला. त्या संध्याकाळी चर्चच्या सभा ठेवत नाहीत. एक गाणं, प्रार्थना, दहा-पंधरा मिनिटांचा पाठ, एखादा खेळ, शेवटी गोड. कामं तक्त्यावर फिरती असतात: या आठवड्यात ज्याच्याकडे प्रार्थना, पुढच्या वेळी त्याच्याकडे पाठ. फसतं ते पाठ लांबला की. चार वर्षांचं मूल आणि सोळा वर्षांचा मुलगा एकाच खोलीत असतात, त्यामुळे पाठ धाकट्याच्या मापाने आणि पुढची चर्चा थोरल्याच्या मापाने ठेवणारी घरंच हे वर्षानुवर्षं चालवू शकतात.

हायस्कूलची मुलं 'सेमिनरी'ला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातात. युटामध्ये शाळेच्या वेळापत्रकातच एक तास मोकळा मिळतो आणि शाळेला लागून असलेल्या चर्चच्या इमारतीत वर्ग भरतो. युटाबाहेर तोच वर्ग बहुधा पहाटे, शाळेआधी भरतो. पुस्तकातलं कुटुंब मध्ये कॅलिफोर्नियात राहिलं असेल तर पहाटे पाचला उठणारी मुलं दिसतील, ती यामुळे.

बाप्तिस्मा आठव्या वर्षी. मुलगे मिशनला, म्हणजे धर्मप्रसाराच्या सेवेला, दोन वर्षांसाठी जातात, २०१२ पासून अठराव्या वर्षीही जाता येतं, त्याआधी किमान वय एकोणीस होतं. मुली दीड वर्षासाठी जातात. खर्च घरचे किंवा मुलगा स्वतः भरतो. मिशन कुठल्याही देशात असो, अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी दरमहाची रक्कम एकच असते. २०२० मध्ये ती ४०० वरून ५०० डॉलर झाली. फेब्रुवारी २०१९ पासून घरी दर आठवड्याला फोन करता येतो. त्याआधी फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिन. जुन्या आठवणींत मातृदिनाच्या फोनचं एवढं मोल का, ते यावरून कळेल.

तळघर

साठवणीबद्दल.

आता सांगितलं जातं ते असं: आधी रोजच्या खाण्यातलं तीन महिन्यांचं सामान, मग पिण्याचं पाणी, थोडी रोख रक्कम, आणि त्यानंतर दीर्घकाळ टिकणारं धान्य. धान्य माणशी महिन्याला २५ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो. कडधान्य ५ पौंड, सव्वादोन किलो. हे प्रौढ माणसाचं माप. जुन्या याद्यांत वर्षाला माणशी ४०० पौंड धान्य असाही आकडा येतो, तो जुन्या मार्गदर्शनातला आहे.

तो मोठा पत्र्याचा डबा 'नंबर १०' म्हणून ओळखला जातो. साधारण तीन लिटरचा, त्यात गहू अडीच किलोच्या आसपास मावतो. एका खोक्यात सहा डबे. धान्यावर ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकायची आणि झाकण यंत्राने दाबून बसवायचं. असा गहू, पांढरा तांदूळ, ओट्स तीस वर्षं टिकतात, दूध पावडर वीस.

बिघडतं कुठे, ते सांगतो. धान्यातला ओलावा दहा टक्क्यांच्या खाली हवा. ओलसर जिन्नस हवाबंद केला तर ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या बॉट्युलिझमच्या जंतूंना आयतं घर मिळतं, आणि ते विष जीवघेणं असतं. ब्राउन राइस, सुका मेवा, गव्हाचं पीठ यांत तेल असतं, ते खवट होतं. म्हणून ही मंडळी पीठ न साठवता अख्खा गहू साठवतात आणि सोबत हाताने फिरवायची चक्की ठेवतात. चक्की नसेल तर तो गहू दळणार कशावर? साखरेच्या डब्यात ती पुडी टाकायची नसते, साखरेचा दगड होतो. डबे थेट काँक्रीटवर ठेवले की तळाला गंज चढतो, म्हणून खाली फळ्या. जागा २४ अंश सेल्सिअसच्या आत आणि कोरडी हवी.

सगळ्यात जास्त धान्य मात्र वाया जातं ते न वापरल्यामुळे. डब्यावर महिना-वर्ष लिहून जुना पुढे, नवा मागे, आणि आठवड्याच्या स्वयंपाकात त्यातलंच घ्यायचं, हे करणारी बाई घरात असली तरच साठवण जिवंत राहते. रोज पांढरा ब्रेड खाणाऱ्या मुलांना अडचणीच्या दिवशी एकदम अख्ख्या गव्हावर आणलं की पोटं बिघडतात.

दप्तरी

आता तारखा. रानवेल, तुमच्या वंशावळीत बहुधा काहीच चूक नाही. प्रत्येक नोंद वेगळ्या कामासाठी झालेली आहे, एवढं धरून चाललं की गाठ सुटते.

लग्नाच्या दोन तारखा: पहिली डेन्मार्कमधल्या कायदेशीर लग्नाची. दुसरी सीलिंगची, म्हणजे नवरा-बायकोला अनंतकाळासाठी बांधणारा विधी. १८५५ ते १८८९ या काळात तो सॉल्ट लेक सिटीतल्या एन्डाउमेंट हाउस या विधींसाठीच्या इमारतीत होई. पुढे तो मंदिरांतही होऊ लागला: सेंट जॉर्जचं मंदिर १८७७ मध्ये, लोगनचं १८८४ मध्ये, मँटायचं १८८८ मध्ये खुलं झालं. परदेशात लग्न करून आलेली जोडपी युटाला पोहोचल्यावर हा विधी करून घेत. दोघांच्या मृत्यूनंतर नातवंडांनी त्यांच्या वतीने केलेलं सीलिंगही नोंदीत येतं. ती तारीख मृत्यूनंतरची दिसली म्हणून खोडू नका.

मुलांचा रकाना यातूनच उलगडतो. आईवडिलांचं सीलिंग झाल्यावर जन्मलेली मुलं 'करारात जन्मलेली' समजली जातात, त्यांना वेगळा विधी लागत नाही. आधी जन्मलेल्यांना लागतो. त्यामुळे मोठ्या दोघांपुढे तारीख आणि धाकट्यांपुढे कोरा रकाना हे अगदी बरोबर आहे. उलट, मोठी मुलं सीलिंगच्या आधीची होती याचा तो पुरावाच झाला.

बाप्तिस्म्याच्या दोन तारखा: एकोणिसाव्या शतकात पुनर्बाप्तिस्मा सर्रास होई. सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचल्यावर, १८५६-५७ च्या सुधारणा चळवळीत, १८७० च्या दशकात सामुदायिक अर्थव्यवस्थेत सामील होताना. सगळ्यात जुनी तारीख मूळची धरा, नंतरचीही ठेवा, कारण त्या दिवशी माणूस कुठल्या वस्तीत होता हे ती सांगते.

अर्भकाच्या नावापुढे आशीर्वादाची तारीख असते, ती जन्मतारीख म्हणून उतरवली जाते. ही चूक फार वेळा सापडते. डॅनिश चर्चच्या वह्यांत जन्म आणि नामकरण अशा दोन्ही तारखा असतात, तिथेही जपून. डॅनिश आडनावांचं आणखी एक: वडिलांचं पहिलं नाव घेऊन मुलाचं आडनाव बने, येन्सचा मुलगा येन्सन. युटात आल्यावर आडनाव कायम झालं. एकाच बापाची डेन्मार्कमध्ये जन्मलेली आणि युटात जन्मलेली मुलं वेगळ्या आडनावांनी दिसली तर ती दोन कुटुंबं समजू नका.

जनगणना: १८८० ची जनगणना ही घरप्रमुखाशी नातं नोंदवणारी पहिली. अनेक बायका असलेला माणूस त्या दिवशी ज्या घरात असेल तिथे लिहिला जाई, कधी दोन्ही घरांत, कधी कुठेच नाही. विवाहित पुरुषांनाही तेव्हा मिशनवर पाठवत, तीही शक्यता पाहा. त्या पानाच्या मागची-पुढची दोन-दोन पानं वाचा. सवतींची घरं पुष्कळदा शेजारी असत.

१८८२ च्या एडमंड्स कायद्यानंतर चित्र पार बदलतं. एकाहून अधिक स्त्रियांबरोबर राहणं हाच गुन्हा झाला, पुरुष भूमिगत झाले, बायका माहेरच्या नावाने दुसऱ्या गावी राहू लागल्या, काही कुटुंबं मेक्सिकोतल्या चिवावा राज्यात गेली. नेमकी १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी नष्ट झाली, १९२१ च्या आगीचा त्यात मोठा हात. त्यामुळे या दहा-पंधरा वर्षांसाठी वॉर्डच्या वह्या, शेतजमिनीचे दस्त, पत्रं हेच साधन. १८९० मध्ये चर्चने बहुपत्नीत्व थांबवत असल्याचा जाहीरनामा काढला, १९०४ मध्ये दुसरा, अधिक कडक. आधी झालेली कुटुंबं मात्र लगेच मोडली नाहीत. १९०० च्या जनगणनेत प्रत्येक आईपुढे किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हे आहे. तुमच्या यादीशी तो आकडा ताडून बघा, लहानपणी गेलेली मुलं तिथे सापडतात. युटा राज्यभर जन्म-मृत्यूची नोंद १९०५ पासून. १९१४ पासून काही वर्षांच्या अंतराने चर्चने स्वतःची कुटुंबगणना केली, तिची कार्डं विसाव्या शतकासाठी फार उपयोगी.

माझं ठाम मत: वंशावळ आईपासून मांडा. प्रत्येक बायकोचा स्वतंत्र तक्ता, त्यात नवरा, ती आणि फक्त तिची मुलं. नवऱ्याखाली पंचवीस मुलांची एकच रांग लावली की पुढच्या पिढीत कोण कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि त्या बायका कागदावरून पुसल्या जातात.

सांधा

दप्तरींशी सहमत. दोन बहिणी सवती असल्याने थोडी भर.

फॅमिलीसर्च या चर्चच्या वंशावळ संकेतस्थळावरचं झाड सामायिक आहे, मोफत आहे आणि मृत व्यक्तीची नोंद कुणीही बदलू शकतं. दोघी बहिणींचं माहेरचं आडनाव एक, आईवडील एक, नवरा एक, गाव एक. संगणक त्यांना 'एकच व्यक्ती असावी' म्हणून सुचवतो आणि कुणीतरी दोन्ही नोंदी एकत्र करून टाकतं. मग एकीला बावीस मुलं, त्यातली दोघं तर फक्त तीन महिन्यांच्या अंतराने जन्मलेली! असं दिसलं की बदलांच्या इतिहासात जाऊन ते एकत्रीकरण उलटवा, आणि कारणाच्या चौकटीत स्पष्ट लिहा की या सख्ख्या बहिणी, दोघींचे जन्मदिनांक असे असे. कारण न लिहिता दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडतं.

डीएनएवर विसंबू नका. या दोघींची मुलं एकमेकांची सावत्रही आणि मावसही. सख्ख्या भावंडांत साधारण २६०० सेंटिमॉर्गन (जुळणारा डीएनए मोजायचं एकक) जुळतात, सावत्र भावंडांत १७५० च्या आसपास, यांचं मधेच कुठेतरी येणार. तीन पिढ्या खाली आलं की हे पल्ले एकमेकांत इतके मिसळतात की कोण कुठल्या बहिणीचा पणतू ते आकड्यावरून ठरत नाही. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तर दोघींचा एकच. इथे कागदच हवा.

मूळ कागद कुठून येतात तेही नोंदवून ठेवा. युटाची वंशावळ संस्था १८९४ ची, १९३८ पासून जगभरच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंग. मूळ फिल्म सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या भांडारात आहेत. त्यांचं डिजिटायझेशन २०२१ मध्ये पूर्ण झालं.

आणि मंदिरातल्या विधींसाठी मृतांची नावं देताना सदस्याने फक्त स्वतःच्या नात्यातली द्यायची असतात. गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या मृतांसाठी सर्वांत जवळच्या हयात नातेवाइकाची संमती लागते. आठवणींत यावरून दोन चुलत घरांत ताण दिसला तर तो या नियमावरून असू शकतो.

रानवेल

खूप उलगडलं, मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: 'मॉर्मन' हा शब्द ठेवावा का? आणि तक्त्यात दोन तारखा कशा दाखवाव्यात?

दप्तरी

२०१८ मध्ये चर्चने 'येशू ख्रिस्ताचे अंतिम दिवसांच्या संतांचे चर्च' हे पूर्ण नाव वापरावं, 'मॉर्मन' टाळावं असं सांगितलं. त्याआधीच्या आठवणींत कुटुंब स्वतःला मॉर्मन म्हणत असेल तर तसंच ठेवा, प्रस्तावनेत पूर्ण नाव द्या. आजही बहुपत्नीत्व पाळणारे गट या चर्चपासून वेगळे आहेत, हेही तिथेच एका वाक्यात सांगा, नाहीतर वाचक पणजोबांची गोष्ट आजच्या घरावर लावतील.

तक्त्यात 'लग्न' आणि 'सीलिंग' असे दोन स्वतंत्र रकाने करा, दोन्हींत दिनांकासोबत ठिकाण. कोऱ्या रकान्यात 'करारात जन्म' लिहा. पुनर्बाप्तिस्मा तळटीपेत. आणि १८९६ पूर्वीच्या जन्मठिकाणांपुढे 'युटा प्रदेश' लिहा, 'राज्य' नको.