हाताने रंगवलेल्या अरबी-उर्दू पाट्यांवरून मराठी अक्षरे घडवताना नेमके काय उचलावे?

अक्षररेखा (प्रश्न):
सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या एका अत्तराच्या दुकानासाठी मी सध्या नवी पाटी आणि बाटल्यांवरची लेबले करते आहे. दुकानावर पत्र्याची जुनी पाटी आहे. वर उर्दू, खाली मराठी, दोन्ही हाताने रंगवलेली. उन्हाने हिरवा रंग विटला असला तरी उर्दू अक्षरांचा डौल तसाच आहे. माझा भाऊ शारजाला नोकरीला असून तिकडच्या दुकानांवरील रंगवलेल्या अरबी पाट्यांचे फोटो तो मला आठवणीने पाठवतो. हे सारे समोर ठेवून मी पहिला आराखडा केला, त्यात देवनागरी अक्षरांना लांब शेपट्या काढल्या आणि जागोजागी चौकोनी टिंबे दिली. मालकांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मराठी वाचणारा इथे अडखळेल आणि उर्दू वाचणाऱ्याला यातून काहीच कळणार नाही." त्यांचे म्हणणे मला पटले. मग या पाट्यांवरून प्रामाणिकपणे घेण्यासारखे काय आहे, हे जाणकारांनी सांगावे.

जुना ब्रश:
ताई, मी सोलापुरात तीस वर्षे बोर्ड रंगवले. मला उर्दू वाचता येत नाही. गिऱ्हाईक मजकूर जाणकाराकडून कागदावर लिहून आणत असे आणि मी त्यावर चौकटी आखून तो पत्र्यावर मोठा करत असे. एकदा 'बे' या उर्दू अक्षराखालच्या ठिपक्याशेजारी पडलेला शाईचा डाग मी दुसरा ठिपका समजून रंगवला, त्यामुळे 'बे'चा 'ये' झाला, शब्द बदलला आणि तो बोर्ड मला उतरवून पुन्हा करावा लागला. म्हणून टिंबाला नक्षी समजू नका. त्या लिपीत ते अक्षराचाच भाग असते.

घेण्यासारखी गोष्ट हाताची आहे. देवनागरीचा काना ओढताना चपटा ब्रश वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीने उतरतो. उर्दू अक्षराचे पोट ओढताना मात्र ब्रशची दांडी बोटांत हळूहळू फिरवावी लागते, म्हणजे रेघ बारीक सुरू होते, मध्ये भरते आणि शेवटी पुन्हा निमुळती होते. हे फोटोवरून गिरवून येणार नाही. पत्रा आणि एनॅमल रंग घेऊन बसावे लागेल. आणखी एक: एकाच बोर्डावर दोन लिप्या असतील तर अक्षरांची छाया दोन्हींना एकाच बाजूला द्यावी, नाहीतर बोर्ड दोन तुकड्यांचा दिसतो.

उर्दूच्या बाई:
काकांचे टिंबाविषयीचे म्हणणे माझ्या विद्यार्थ्यांनाही वाचून दाखवावे असे आहे. आपण दोन वेगळ्या शैली एकत्र धरल्या आहेत, हे मात्र नोंदवते. आपल्याकडील उर्दू पाट्या बहुधा नस्तालीकमध्ये असतात. तिच्यात शब्द उजवीकडून डावीकडे तिरपा उतरत येतो, उभ्या रेषा आखूड व बारीक आणि आडव्या रेषा भरदार असतात. अरब देशांतील हाताने लिहिलेल्या पाट्यांवर नस्ख ही छापील पुस्तकांतली सुटसुटीत शैली किंवा झटपट लिहिण्याची रुकआ शैली पुष्कळदा दिसते, आणि रुकआमध्ये दोन ठिपक्यांच्या जागी एक छोटी आडवी रेघ येते. भावाने पाठवलेले फोटो आधी असे वेगळे काढावेत.

आपल्या कामी येईल ते मोजमाप. दहाव्या शतकात बगदादचे वजीर इब्न मुक्ला यांच्या नावावर जी प्रमाणपद्धती आहे, तिच्यात बोरूच्या टोकाने उमटणारा तिरपा चौकोनी ठिपका हे माप धरून अलिफची, म्हणजे उभ्या रेघेसारख्या पहिल्या अक्षराची, उंची आणि इतर अक्षरांची वळणे ठरतात. आपणही आपल्या बोरूचा एक ठिपका काढा, शिरोरेषेची जाडी, कान्याची उंची आणि गाठींची रुंदी त्याच ठिपक्यात मोजा. एकही शेपटी न काढता दोन्ही लिप्या एका घरच्या वाटू लागतील. सवड काढून विजापूरचा इब्राहिम रोजा हा मकबराही पाहून या, आपल्यापासून साधारण शंभर किलोमीटर आहे. तिथे दगडी जाळ्या अक्षरांच्याच कोरल्या आहेत, त्यामुळे अक्षरांमधली मोकळी जागा उजेडाने भरलेली दिसते. ती जागाही कोणीतरी घडवावीच लागते, हे तिथे उभे राहिल्यावर जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही.

मोडी वाचक:
एक भर घालतो. मोडीतही पूर्ण ओळीची शिरोरेषा आधी आखून हात शक्यतो न उचलता अक्षरे जोडत जात. जोडाक्षरांचा प्रवाहीपणा हवा असेल तर तो आपल्याच दप्तरांत आहे, तिथला कित्ता गिरवावा. दौत आणि कलम हे शब्दसुद्धा आपल्याकडे अरबीतूनच आले आहेत.

अक्षररेखा:
सर्वांचे मनापासून आभार. बाई, आज जुन्या पाटीवरील मराठी ओळ मोजली तेव्हा काना सहा ठिपक्यांचा आणि शिरोरेषा बरोबर एका ठिपक्याची निघाली. म्हणजे रंगवणाऱ्याने दोन्ही ओळींसाठी बहुधा एकच ब्रश वापरला असावा. नवा आराखडा याच मापावर बांधते आहे. काका, जुनी पाटी उतरवण्याआधी काय काय टिपून ठेवावे?

जुना ब्रश:
ताई, आधी उजवा-डावा खालचा कोपरा ओल्या फडक्याने हलकेच पुसून पाहा. पेंटर तिथे बारीक अक्षरांत आपले नाव लिहीत असत. नाव सापडले तर मालकांना विचारून ते नव्या पाटीवरही त्याच कोपऱ्यात लिहा. मग समोरून, सावली न पडता, फूटपट्टी पाटीला लावून फोटो घ्या, आणि शक्य असेल तर पाटी दुकानाच्या आतल्या भिंतीवर लावायला सांगा. भंगारात देऊ नका.