मदत हवी आहे: कार-टी उपचार घेतलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. माझ्या मामाला (वय ५८, सांगली) बी-सेल लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे. किमोचे सहा डोस झाले, गाठी विरल्या, आणि आठ महिन्यांत मानेपाशी पुन्हा एक गाठ हाताला लागली. दाढी करताना त्यालाच कळली. दिवसभर कुणाला बोलला नाही.

आता डॉक्टरांनी कार-टी सुचवली आहे. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढतात, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवतात, वाढवतात आणि सलाईनसारख्या परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या मंडळींनी ही थेरपी आपल्याकडेच तयार केली, २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. परदेशात कोटींत जाणारा खर्च इथे लाखांत आला, हे फार मोठं काम आहे. पण तेवढे लाखसुद्धा आमच्यासाठी डोंगरच.

कुणाच्या घरी हा उपचार झाला असेल तर कृपया सांगा. पेशी काढल्यापासून परत देईपर्यंत किती दिवस गेले? मधल्या काळात गाठ वाढू नये म्हणून काय दिलं? नंतर ताप येतो, बोलण्यात गोंधळ होतो असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा रात्री सोबतीला एक माणूस पुरला का? मुंबईत किती दिवस राहावं लागलं? आणि पैशांसाठी कुठल्या ट्रस्टने खरोखर मदत केली? मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज आम्ही भरतोय.

मामी पंधरवड्याची बॅग भरून बसली आहे. तिला नक्की काय सांगू?