मदत हवी आहे: कालीगंडकी धवलगिरी-अन्नपूर्णेच्या मधून आरपार कशी गेली?

नेपाळमधल्या कालीगंडकीचा उगमापासूनचा दीर्घछेद (पात्राची उंची अंतरागणिक कशी उतरते त्याचा आलेख) काढतोय आणि अडलोय. जाणकारांनी कृपया मदत करावी.

नदी उगम पावते मुस्तांगमध्ये, तिबेटच्या सीमेजवळ, म्हणजे हिमालयाच्या मुख्य रांगेच्या पलीकडे. तिथून ती दक्षिणेला येते आणि पश्चिमेला धवलगिरी (८१६७ मीटर), पूर्वेला अन्नपूर्णा (८०९१ मीटर) यांच्या मधून निघून जाते. दोन शिखरांत अंतर साधारण ३५ किलोमीटर, आणि मधलं पात्र २५०० मीटरच्या आसपास! सगळ्यात उंच रांग तीच जलविभाजक (पाणी दोन बाजूंना वाटून देणारी रेषा), असं डोक्यात पक्कं बसलेलं. इथे जलविभाजक पार उत्तरेला, कमी उंचीच्या डोंगरांवर आहे. मग नदीने ही रांग ओलांडली कशी?

दुसरी गोष्ट जास्त छळतेय. वरच्या टप्प्यात दरी अरुंद आणि खाली येताना रुंद, हा क्रम इथे उलटा दिसतो. वरच्या बाजूच्या कागबेनी-जोमसोम या गावांपाशी दगडगोट्यांनी भरलेलं ऐसपैस पात्र, आणि आणखी दक्षिणेला, घासा गावाच्या खाली एकदम खोल घळई. असं का?

प्रतिसाद १:
पहिल्या प्रश्नाचं नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे पूर्ववर्ती नदी: नदी आधीची, पर्वत नंतरचा. जमीन उचलली जात होती तेव्हा नदी तितक्याच नेटाने तळ कापत राहिली. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा यांच्याबद्दलही हेच सांगतात. दुसरी शक्यता नदीचौर्याची. दक्षिण उतारावरचा ओढा उगमाच्या दिशेने मागे झिजवत जातो आणि पलीकडचं पाणी पळवतो. मला पहिली जास्त पटते.

रुंदीचं म्हणाल तर जोमसोमच्या उत्तरेला थाकखोला ही खचदरी आहे. भ्रंशांमधली (खडकातल्या मोठ्या तड्यांमधली) जमीन खाली बसली, तिथे गाळ साचत गेला. शिवाय तो भाग पर्जन्यछायेत. घासाच्या खाली पाऊस भरपूर, उत्थान (जमीन उचललं जाणं) वेगवान, उतार तीव्र. त्यामुळे नदी पसरण्याऐवजी खोल जाते.

धागाकर्ता:
मनापासून आभार! म्हणजे पात्रात सापडणारे शाळिग्रामही पलीकडून आलेले?

प्रतिसाद १:
हो. हिमालय उठण्याआधी तिथे असलेल्या टेथिस समुद्राच्या गाळात तयार झालेले ते अमोनाइट (शंखासारखं कवच असलेले, आता नामशेष झालेले समुद्री जीव) जीवाश्म. मुक्तिनाथ-मुस्तांगकडचे खडक झिजतात आणि नदी ते खाली आणते. दीर्घछेदासाठी घासा ते त्याखालचं दाना गाव या टप्प्यात उंचीचे बिंदू जवळजवळ घ्या, उतारातला बदल लगेच दिसेल.